इंजिन शेवरोलेचं, दिवे पाँटिअ‍ॅकचे, कागद फोर्डचे

कॅलिफोर्नियातल्या एखाद्या हौशी माणसाच्या गॅरेजात उभी असलेली हॉट रॉड म्हणजे बारा गाड्यांचं तेल प्यालेली चीज. तिची कुंडली साधारण अशी निघते: चासी १९३२ च्या फोर्डची, इंजिन शेवरोलेचं, मागचा अ‍ॅक्सल फोर्डचाच पण १९५७ नंतरचा, ब्रेक चाळीसच्या दशकातले, स्टीअरिंग बॉक्स सत्तरच्या दशकातल्या शेवरोले व्हेगाचा आणि मागचे दोन गोल लाल दिवे १९५० च्या पाँटिअ‍ॅकचे. आणि एवढं सगळं होऊन कागदोपत्री ती असते १९३२ ची फोर्ड!

यात लबाडी काही नाही. त्या काळातल्या फोर्डचा नंबर बॉडीवर नसायचा, चासीच्या पट्टीवर ठोकलेला असायचा. इंजिन गेलं, पत्रा गेला, चाकं गेली, तरी नंबराची चासी आणि तिचे कागद हातात आहेत ना? मग गाडी शाबूत आहे. बाकीचं जमवता येतं.

जमवणं हाच तर खेळ आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीची एखादी अमेरिकन गाडी घ्यायची, जे जे काढता येईल ते काढून टाकायचं, झेपेल त्याहून मोठं इंजिन घालायचं आणि सगळा ऐवज जमिनीला टेकेल इतका खाली आणायचा. त्यातही मानाचं पान रोडस्टरला. दोघांची उघडी गाडी, हिच्या दारांना वर-खाली होणाऱ्या काचाच नसतात. पाऊस आला तर कापडी छत ओढायचं आणि बाजूला पडदे अडकवायचे. हा शौक वाळवंटाशेजारी का फोफावला आणि आपल्या कोकणात का नाही, हे जुलैत वेगळं सांगावं लागत नाही.

तळं, पण पाण्याविना

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोहावी वाळवंटात म्युरॉक, एल मिराज, रोझामंड अशी तळी आहेत. वर्षातला बराच काळ ती कोरडी ठणठणीत असतात आणि तळाची माती वाळून फरशीसारखी सपाट होते. वीसच्या-तीसच्या दशकात पोरं जुन्या फोर्ड मॉडेल टी आणि मॉडेल ए घेऊन तिथे जात. पोहोचल्यावर मडगार्ड, हेडलाइट, पुढची काच, सगळं उतरवायचं, पळायचं, आणि संध्याकाळी पुन्हा चढवून त्याच गाडीने घरी यायचं. सोमवारी कामावर जायलाही तीच!

सुरुवातीला तर पाच-सहा गाड्या एका ओळीत सोडत. पहिल्या गाडीला समोरचं दिसायचं, बाकीच्यांना फक्त धूळ. जिंकायचं कारण आपोआपच सबळ व्हायचं. हा जीवघेणा प्रकार आवरायला १९३७ मध्ये क्लबांनी एकत्र येऊन सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन काढली. एकेक गाडी सोडायची आणि घड्याळाशी लढायचं, असा मग शिरस्ता पडला. या संघटनेने सुरुवातीची अनेक वर्षं टपाच्या बंद गाड्यांना शर्यतीत येऊच दिलं नाही. रोडस्टर असेल तर या.

म्युरॉकचं पुढे काय झालं? युद्धकाळात लष्कराने ते ताब्यात घेतलं. ऑक्टोबर १९४७ मध्ये वैमानिक चक येगर ध्वनीपेक्षा वेगाने उडाला आणि ज्या तळ्यावर उतरला, ते हेच. पोरांनी जागा निवडताना नजर चांगली ठेवली होती म्हणायची.

या पुरुषी गर्दीत व्हीडा ऑर नावाची बाई होती. संघटनेच्या शर्यतीत उतरलेली पहिली स्त्री. पण तिचं मोठं काम वेगळंच आहे. महायुद्धात सगळी पोरं आघाडीवर पांगली, तेव्हा शर्यतवाल्यांच्या बातम्यांचं पत्रक काढून ती ते जगभरच्या तळांवर सैनिकांना पाठवत राहिली. युद्ध संपल्यावर ही जमात पुन्हा गोळा झाली, त्याचं बरंच श्रेय त्या टपालाला आहे.

परत आलेल्यांपैकी अ‍ॅलेक्स झायडियसने मार्च १९४६ मध्ये, म्हणजे लष्करातून सुटका झाली त्याच दिवशी, बरबँक गावात सो-कॅल स्पीड शॉप हे दुकान उघडलं. बिल बर्कची गोष्ट त्याहून गमतीची. युद्धात त्याने विमानांच्या पोटाखाली लटकवायच्या जादा पेट्रोलच्या टाक्या पाहिल्या होत्या. थेंबाच्या आकाराच्या, वाऱ्याला सहज कापणाऱ्या. युद्धानंतर त्या भंगारात पडून होत्या. १९४६ मध्ये त्याने एक आणली, तिला चाकं लावली, इंजिन बसवलं आणि आत स्वतः बसला. नंतर याहून मोठी, पी-३८ विमानाची तीनशेहून अधिक गॅलनची टाकी जास्त सोयीची ठरली: माणूस पुढे, इंजिन मागे. झायडियसच्या दुकानाची अशीच टाकी १९५२ मध्ये यूटामधल्या बॉनव्हिलच्या मिठागरावर ताशी १९८ मैलांनी, म्हणजे सुमारे ३१९ किलोमीटरने पळाली. भंगारातली पेट्रोलची टाकी, बरं का!

१९३२ लाच एवढा भाव का?

हॉट रॉडवाल्यांत एका सालाची भक्ती चालते. १९३२ साली हेन्री फोर्डने सामान्य माणसाला व्ही-८ इंजिन दिलं. आठ सिलिंडरची इंजिनं आधीही होती, पण कॅडिलॅकसारख्या श्रीमंती गाड्यांत. फोर्डच्या लोकांनी आठही सिलिंडरांसकट अख्खा ब्लॉक एकाच ओतकामात काढायचं तंत्र जमवलं, आणि व्ही-८ रोडस्टर पाचशे डॉलरच्या आत विकायला आली. ३.६ लिटर, ६५ अश्वशक्ती. आदल्या मॉडेल एला ४० होती.

खूश झालेल्या गिऱ्हाइकांत दरोडेखोरही होते. बॉनी आणि क्लाइड जोडीतल्या क्लाइड बॅरोच्या नावाने १९३४ मध्ये हेन्री फोर्डला एक पत्र आलं. पळ काढायला तुमच्यासारखी गाडी नाही, अशी त्यात तारीफ. पत्र खरंच क्लाइडने लिहिलं का, यावर अजून वाद आहे. दीडेक महिन्यात ती दोघं पोलिसांच्या गोळीबारात मेली, आणि ती फोर्ड व्ही-८ मध्येच, यावर मात्र वाद नाही.

१९३२ च्या गाडीचं दुसरं भाग्य तिच्या चासीत आहे. एरवी चासी झाकायची वस्तू. या मॉडेलमध्ये मात्र तिच्या बाजूच्या पट्ट्या उघड्या दिसतात आणि त्यांवर बॉडीच्या रेषेशी जुळणारी एक सुबक नक्षीरेघ दाबलेली आहे. मडगार्ड काढले तरी गाडी नागडी दिसत नाही, उलट सुटसुटीत दिसते. इतर सालांच्या गाड्यांना हे भाग्य नाही. माझ्या मते निम्मी भक्ती इंजिनाची असेल, तर निम्मी या रेघेची.

आता इंजिनाचा दोषही सांगून टाकू. त्याचे व्हॉल्व्ह हेडमध्ये नसून ब्लॉकमध्ये होते. जळलेला धूर बाहेर पडायला एकेका बाजूच्या चार सिलिंडरांना मिळून तीनच वाटा, आणि त्याही ब्लॉकच्या पोटातून, थंड पाण्याच्या पोकळीला चिकटून जाणाऱ्या. म्हणजे पाण्याने इंजिन गार करायचं आणि धुराने तेच पाणी तापवायचं! उन्हाळ्यात रेडिएटरला उकळी फुटली नाही तर नवल.

तरीही हे इंजिन १९५३ पर्यंत बनत राहिलं आणि त्याच्याभोवती एक अख्खा धंदा उभा राहिला: अ‍ॅल्युमिनियमचे हेड, दोन-तीन कार्ब्युरेटर बसतील असे मॅनिफोल्ड, घासून बदललेले कॅमशाफ्ट. कार्ब्युरेटरांत सर्वांत लाडका स्ट्रॉमबर्ग ९७. हा आकडा आला त्याच्या गळ्याच्या मापावरून, इंचाच्या ०.९७ इतका. आणि झोरा आर्कस-डुंटॉव्ह नावाच्या इंजिनिअरने भावासोबत या इंजिनासाठी व्हॉल्व्ह वर नेणारे हेड बनवले, आडनावांची सुरुवात जुळवून त्यांना 'आर्डन' नाव दिलं. मूळ हेतू काय, तर फोर्डचे मालवाहू ट्रक तापू नयेत. घेतले मात्र वेगवाल्यांनी. तोच झोरा पुढे शेवरोलेत गेला आणि कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचा जनक म्हणून ओळखला जाऊ लागला.

सोयरीक शत्रूच्या घरी

१९५५ मध्ये शेवरोलेने नवं व्ही-८ आणलं. ४.३ लिटर, १६२ अश्वशक्ती, आणि आकाराने आटोपशीर. फोर्डच्या बॉनेटखाली ते सहज मावायचं. हॉट रॉडवाल्यांनी घराण्याचा मान वगैरे काही न पाहता फोर्डमध्ये शेवरोलेचं इंजिन बसवलं, ते आजतागायत. कट्टर फोर्डवाले यावर नाक मुरडतात, पण सुटे भाग कुठल्याही गावात मिळतात, या एका मुद्द्यापुढे त्यांचं काही चालत नाही. या घराण्यातली दहा कोटी इंजिनं बनवून झाल्याचं शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने २०११ मध्ये जाहीर केलं.

असाच न्याय फोर्डच्या मस्टँग दोनला मिळाला. १९७४ ते १९७८ दरम्यानची ही मस्टँग चाहत्यांनी कधी मनापासून आपली मानली नाही. पण तिचं पुढचं सस्पेन्शन जुन्या गाडीत इतकं चपखल बसतं, की ती गाडी भंगारात गेल्यावर तिच्या सांगाड्याची नक्कल करून नवीन भाग बनवणाऱ्या कंपन्या निघाल्या. जिवंतपणी शिव्या, मेल्यावर मागणी.

घरच्या गॅरेजातलं शास्त्र

हौशी माणसाने पहिली गोष्ट शिकायची ती म्हणजे चासीचे दोन कर्ण मोजणं. एका टोकापासून तिरकं समोरच्या टोकापर्यंत, मग दुसऱ्या बाजूने. दोन मापं जुळली नाहीत तर चासी वाकडी, आणि वाकड्या चासीवर उभारलेली गाडी सरळ रस्त्यावरही तिरकी चालते. जुनी चासी इंग्रजी सी अक्षरासारखी एका बाजूने उघडी असते. ६५ अश्वशक्तीला ती पुरायची. तीनशेचं इंजिन घातलं तर पिळवटून निघेल. म्हणून उघड्या बाजूला लोखंडी पट्टी वेल्ड करून तिची पेटी करतात, आणि वेल्डिंगही सलग नाही, इथे थोडं, तिथे थोडं. एका दमात मारलं तर उष्णतेने पट्टीच वळते.

रोडस्टरची बॉडी आणखी नाठाळ. छप्पर नसल्यामुळे तिला ताठ धरणारं काही नसतं. कापाकापी करण्याआधी आतून आडवे-तिरके पाइप वेल्ड करून तिला जखडावं लागतं, नाहीतर काम संपल्यावर दारं लागत नाहीत.

पुढचा भाग खाली आणायची जुनी युक्ती रांगडी आहे. पुढचा अ‍ॅक्सल हा घडीव पोलादाचा एक अखंड दांडा. त्याची टोकं तापवून, ताणून वर वळवायची, म्हणजे मधला भाग दोन-तीन इंच खाली येतो आणि गाडीही. मागे मोठे टायर, पुढे लहान. उभी असली तरी गाडी पळत्या पवित्र्यात दिसते. ब्रेकचं म्हणाल तर फोर्डने १९३८ पर्यंत सळ्यांचे यांत्रिक ब्रेकच वापरले, हायड्रॉलिक आले १९३९ मध्ये. म्हणून १९३२ च्या गाडीला नंतरच्या फोर्डचे ब्रेक लावणं ही चैन मानत नाहीत, ती किमान अक्कल.

विजेच्या वायरिंगमध्ये तर नवशिक्याची फजिती ठरलेली. जुन्या फोर्ड ६ व्होल्टवर चालत आणि त्यांत बॉडीला बॅटरीची धन बाजू जोडलेली असे. आज सगळीकडे १२ व्होल्ट आणि बॉडीला ऋण बाजू.

सर्वांत जिवावर येणारी पायरी शेवटी. अनुभवी लोक गाडी आधी रंगाविना पूर्ण जोडतात, चालवूनही बघतात. दार कुठे घासतं, सायलेन्सर कुठे आपटतो, पाय क्लचपर्यंत पोहोचतो का. मग ती चालती गाडी शेवटच्या बोल्टपर्यंत पुन्हा खोलायची, एकेक भाग रंगवायचा आणि परत जोडायची. अर्धवट खोललेल्या गाड्या विकायला काढल्याच्या जाहिराती बहुधा याच टप्प्यावर जन्म घेतात.

शिसं, खवले आणि पिझ्झाची भट्टी

आपल्याकडे पत्र्याच्या पोचावर पुट्टी मारतात. तिथले जुने कारागीर शिसं मारायचे. कथील मिसळलेलं शिसं आचेने मऊ करायचं आणि लाकडी फळीने लोण्यासारखं पसरायचं. फळी चिकटू नये म्हणून तिला चरबी किंवा मेण. चांगल्या हाताचं काम असेल तर सांधा शोधून सापडत नाही.

रंगांच्या गोष्टी तर विचारू नका. रंगारी जो बेलनचा कँडी अ‍ॅपल लाल म्हणजे खाली चकचकीत सोनेरी-रुपेरी थर आणि वर पारदर्शक लाल थरांवर थर. त्यामुळे रंगात खोली दिसते. पन्नासच्या दशकात मोतिया झाक हवी असेल तर रंगात माशांच्या खवल्यांपासून काढलेला चमकदार अर्क घालत. गाड्यांवरच्या केसासारख्या बारीक रेघांसाठी केनेथ हॉवर्ड प्रसिद्ध होता, सगळे त्याला व्हॉन डच म्हणत. बाप पाट्या रंगवणारा, मुलाने गाड्या धरल्या. या कामाचा ब्रश खारीच्या केसांचा, केस लांब आणि दांडी आखूड, कारण हात हलला तरी रेघ हलता कामा नये.

एड रॉथने पत्र्याचा नादच सोडला. तो गॅरेजात प्लॅस्टरचा साचा करून त्यावर फायबरग्लासची बॉडी ओतायचा. त्याच्या 'बीटनिक बँडिट'ला स्टीअरिंग चाक नव्हतंच, मधल्या एका दांड्याने गाडी वळायची आणि पळायचीही. वर काचेसारखा पारदर्शक घुमट. त्याचं प्लॅस्टिक पिझ्झाच्या भट्टीत तापवून फुगवल्याचं तो सांगायचा. १९६८ मध्ये हॉट व्हील्सच्या पहिल्या सोळा खेळण्यांत या गाडीचा नंबर लागला, म्हणजे ती जगभरच्या पोरांच्या खिशात गेली.

त्याच दशकात 'द मन्स्टर्स' या टीव्ही मालिकेसाठी जॉर्ज बॅरिसच्या कारखान्याने एक गाडी चक्क शवपेटीपासून बनवली. नाव ड्रॅग-यू-ला. आणि जॉनी कॅशने १९७६ मध्ये एक गाणं गाजवलं, त्यात कारखान्यातला कामगार वर्षानुवर्षं डब्यातून एकेक भाग घरी पळवून कॅडिलॅक जोडतो. शेवटी वेगवेगळ्या सालांचे भाग सहजासहजी जुळत नाहीत. गॅरेजवाल्यांना हे गाणं विनोदी वाटतच नाही म्हणतात.

जुन्याची नवी नक्कल

गरिबीतून जन्मलेला हा छंद आता महाग झालाय. मूळ १९३२ चा पत्रा मिळेना, तेव्हा ओहायोतल्या ब्रुकव्हिल रोडस्टर या कंपनीने तशाच बॉडी नव्या पोलादात दाबायला घेतल्या. चासी नवी मिळते, ग्रिल नवं मिळतं, डॅशबोर्डही. त्यामुळे फोर्डने बनवल्या त्याहून जास्त १९३२ च्या रोडस्टर आज रस्त्यावर आहेत, असा विनोद या मंडळींत चालतो. दुसरीकडे काही जण नव्या कोऱ्या पत्र्यावर मुद्दाम गंज आणतात. आजोबांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आमच्याकडे फुकट होता, न्यायचा होतात.

मान्यताही मिळाली. १९५० पासून सर्वांत देखण्या रोडस्टरला दिली जाणारी ट्रॉफी नऊ फूट उंच आहे, म्हणजे गाडीपेक्षा बक्षीस मोठं. पहिल्या वर्षी ती बिल नीकॅम्पने १९२९ च्या फोर्डसाठी जिंकली. १९९७ मध्ये पेबल बीचच्या शाही गाड्यांच्या प्रदर्शनाने, जिथे एरवी बुगाटी आणि रोल्स-रॉइस मिरवतात, हॉट रॉडसाठी वेगळा वर्ग उघडला. आणि ज्यांनी आपली गाडी बदललीच नाही असेही होते. कॅमशाफ्ट घासण्यात नाव काढलेल्या एड इस्केंडेरियनने तरुणपणी जोडलेली मॉडेल टी रोडस्टर आयुष्यभर जपली. २०२१ मध्ये त्याने शंभरी गाठली.

कायद्यालाही या वेडाशी जुळवून घ्यावं लागलं. घरी बनवलेल्या गाडीला धुराचे कुठले नियम लावायचे? कॅलिफोर्निया म्हणतं, ती ज्या सालच्या गाडीसारखी दिसते त्या सालचे. १९३२ सारखी दिसत असेल तर जवळपास काहीच नाही! पण अशी सवलत वर्षाला फक्त ५०० गाड्यांना, आणि जो आधी येईल त्याला. मडगार्डचीही एक पळवाट आहे, रिकाम्या गाडीचं वजन १५०० पौंडांच्या आत असेल तर ते नसले तरी चालतात. व्ही-८ बसवून एवढं हलकं राहणं म्हणजे उपासाला बसून पुरणपोळी खाण्यासारखं.

आणि आपण? फोर्डच्या गाड्या मुंबईला नव्या नव्हत्या. फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीने १९२६ मध्ये भारतात शाखा काढली आणि मुंबईत सुटे भाग जोडून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्यातल्या वाचल्या त्या आज विंटेज रॅलीत मिरवतात. पण २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणी हवी असेल तर चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे बदल चालत नाहीत. हॉट रॉडवाला नेमके हे तिन्ही बदलतो. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना बजावलं होतं, की कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल गाडीत करता येणार नाही.

तरी खुमखुमी काही कायदा वाचून थांबत नाही. सांगली जिल्ह्यातल्या लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थाने भंगारातल्या भागांची एक छोटी चारचाकी घरीच जोडली. डाव्या हाताचं स्टीअरिंग, आणि सुरू करायला स्कूटरसारखी किक! डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिची चित्रफीत पाहिली. ही गाडी नियमात बसत नाही हे त्यांनी स्पष्ट सांगितलं, कौतुकही केलं, आणि ती द्या, बदल्यात नवी बोलेरो घ्या, असा सौदा मांडला. पुढच्याच महिन्यात बोलेरो दारात आली.